साथ आणि सराव

पंपाच्या ॲपचं मराठी ज्या कुणी केलं, त्याला शब्दांची हौस दांडगी असणार. इंग्रजीत त्यातल्या दोन बटणांना नुसते आकडे होते, पद्धत एक आणि पद्धत दोन. मराठीत आकडे रुक्ष वाटतील म्हणून त्या शहाण्यानं एका बटणाचं नाव ठेवलं 'साथ' आणि दुसऱ्याचं 'सराव'. त्रिशला मगदूम सांगलीवाडीच्या शाळेत मराठी शिकवायची. मिरजेच्या इस्पितळात तिच्या फोनवर ते ॲप चढवलं, तेव्हा तिला ती नावं आवडलीसुद्धा होती. पुढं तिनं त्या माणसाला मनातल्या मनात इतके बोल लावले, की तो जिथं असेल तिथं त्याला उचक्या लागल्या असतील.

पंप तिच्या नवऱ्याच्या छातीत होता. नवऱ्याचं नाव शीतल. परगावचे लोक हे नाव ऐकून बाई समजायचे आणि समोर सहा फुटांचा, खांद्यांनी दार भरून टाकणारा गडी बघून चपापायचे. शीतलचं मोटार भरायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हा त्यातली तार उसवून नवी गुंडाळून द्यायचा. आणि पावसाळ्यात कृष्णा फुगली की होड्यांच्या शर्यतीत सांगलीवाडीच्या होडीत पहिलं वल्हं त्याचं. मागच्या थंडीत त्याला साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदयाचा स्नायू खिळखिळा करून गेला. धुऊन धुऊन सैल झालेल्या पिशवीसारखं त्याचं हृदय झालं होतं. शेवटी पंप बसवावा लागला.

इस्पितळातून सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर नसीम बागवान यांनी दोघांना समोर बसवलं. बाई बुटक्या आणि बोलायला स्पष्ट. समोरच्याला कळलं की नाही, हे त्याच्या डोळ्यांत बघून ठरवायच्या. त्यांनी दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या.

"ही मूठ मगदूमांचं हृदय. ही दुसरी म्हणजे पंप. पूर्वीचे पंप एकाच वेगानं फिरायचे, विहिरीवरच्या मोटारीसारखे. रक्त सलग वाहायचं. माणूस जगायचा, पण हाताला नाडी लागायची नाही. हा पंप तसा नाही. प्रत्येक ठोक्याच्या आधी हृदयात विजेची एक बारीक लहर उठते आणि तिच्या पाठोपाठ स्नायू आवळतो. पंपाची एक तार ती लहर ऐकत असते. त्यामुळं ठोका कधी पडणार, हे पंपाला आधी कळतं."

मग त्यांनी दोन्ही मुठी एकदम आवळल्या, एकदम सोडल्या. "ही साथ. हृदय ढकलतं त्याच क्षणी पंप ढकलतो. सगळा भार पंप उचलतो. नाडी ठणठणीत लागते, पेशंटला बरं वाटतं." नंतर एक मूठ आवळली, ती सोडताना दुसरी आवळली. "हा सराव. हृदय ढकलतं तेव्हा पंप मागं सरतो. हृदय सैलावलं की मग पंप जोर लावतो. त्या वेळी हृदयाच्या स्वतःच्या नसांना चांगलं रक्त मिळतं. पण ठोका मात्र त्याला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो."

"म्हणजे तालीमच की," शीतल म्हणाला.

"तालीमच. प्लास्टरमधून काढलेला हात जसा रोज दुखवून वापरात आणतात, तसं. दिवसाचा बराचसा वेळ सराव ठेवायचा. दम लागेल, चिडचिड होईल. आत्ता तो त्रास धोक्याचा नाही. फारच झालं तर थोडा वेळ साथ, पुन्हा सराव. असं सहा-आठ महिने नेटानं केलं तर स्नायू सावरतो आणि पंप काढता येतो. आम्ही काढलेत."

"आणि न्हाई सावरला तर?"

डॉक्टरांनी उत्तर लांबवलं नाही. शीतलच्या रक्तात परक्या अवयवाविरुद्ध इतकी प्रतिद्रव्यं तयार झाली होती, की दुसरं हृदय जुळण्याची आशा जवळपास नव्हती. पंप कायमचा ठेवावा म्हटलं तर पोटातून बाहेर आलेली वायर म्हणजे जंतूंना उघडं दार. कधीतरी ते आत शिरणारच. स्वतःचं हृदय सावरणं हा एकच रस्ता होता.

"एक लक्षात ठेवा," त्या त्रिशलाकडं वळल्या. "बटण बदलायचा हक्क फक्त तुमच्या अंगठ्याला आहे, त्यांच्या नाही. दम लागलेला माणूस काहीही दाबतो."

"जलमभर लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी भरल्या," शीतल हसून म्हणाला, "आता माझ्याच अंगात बसली. आणि स्टार्टर बायकोच्या हातात!"

डॉक्टर हसल्या. त्रिशलाला हसू आलं नाही. तिला तो फोन पर्समध्ये ठेवतानासुद्धा जड लागला.

*

घरी पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ॲपला बोलायची खोड होती. त्रिशलानं सराव लावला, तशी एक बाई गोड आवाजात घरभर ऐकू जाईल असं म्हणाली, "साथ बंद करण्यात आली आहे."

सोप्यात गहू निवडत बसलेल्या आक्कांचा हात थांबला. आक्का म्हणजे शीतलची आई. स्वभावानं वाईट नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती बसली.

"काय बंद केलीस?"

"काही नाही आक्का, मशीनचं आहे ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"साथ बंद केली म्हणाली न्हवं ती? नवऱ्याला बरं न्हाई आन् तू साथ बंद करालीस?"

त्रिशलानं समजावून सांगितलं. दोन मुठी करून दाखवल्या. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते मुठीचं मला कळत न्हाई. मला शब्द कळतोय."

सराव म्हणजे काय, ते मग सगळ्यांनाच दिसलं. शीतल न्हाणीघरातून परत येईस्तोवर तीनदा भिंत धरायचा. जेवताना दोन घासांच्या मध्ये थांबून श्वास घ्यायचा. ओठ निळसर पडायचे. बोलताना वाक्य मधेच तुटायचं आणि ते तुटलं की त्याला राग यायचा. पण एकदाही त्यानं साथ मागितली नाही. उलट त्रिशलाचा हात फोनकडं गेला की तो डोळे वटारायचा. होडीत एक जात असते, तो सांगायचा. वल्हं सगळ्यांबरोबर पाण्यात बुडवतात, सगळ्यांबरोबर वर काढतात, ओढत मात्र नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात वल्हवतोय गडी! "तसल्याला मी होडीतनं हाकललाय," तो धापा टाकत म्हणायचा. "माझ्या छातीत तसला नको मला."

एका दुपारी तो खाटेच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. पाठ भात्यासारखी हलत होती. आक्का दारात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. त्या त्रिशलाला काही बोलल्या नाहीत, नुसतं तिच्याकडं बघितलं. बोलल्या असत्या तर त्रिशला भांडली असती. त्या बघण्याशी भांडता आलं नाही.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन आधी ॲपचा आवाज बंद केला. मग पडद्यावर अंगठा ठेवला. 'साथ सुरू करायची का?' होय.

बाहेर येऊन बघते तो शीतल ताठ बसलेला. ओठांवर रंग आलेला. "हे बघ," तो नवलानं म्हणाला, "ओसरला की गं दम आपोआप! सरावातच ओसरला." आणि तो हसला. कित्येक दिवसांनी हसला. त्रिशलानं तोंड उघडलं, पण खरं सांगितलं असतं तर ते हसू तिथंच मावळलं असतं. ते तिच्यानं झालं नाही. "सावरायलंय म्हणायचं," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. चहात तिनं साखर दोनदा घातली.

*

एकदा केलेली दया पुन्हा करायला सोपी जाते. आधी दुपारी जेवणापुरती साथ झाली. मग कुणी भेटायला आलं की साथ. मग सकाळी त्याला घाटापर्यंत चालत जायचं असे, तेव्हा साथ. संध्याकाळी बराच वेळ सराव लावून ती दुपारची भरपाई करायची, पण त्या वेळी तो दिवसभराचा थकलेला असे आणि त्याला बघवत नसे. बघता बघता सराव उरला तो नावापुरता.

साथ लावली की इस्पितळाचं यंत्र फोनवर विचारायचं, कारण काय? त्रिशला 'दम लागला' यावर बोट ठेवायची. दम लागतच होता, खोटं काय त्यात? एक-दोनदा इस्पितळातून नर्सचा फोन आला. तिनं सांगितलं, फार धाप लागते हो त्यांना, बघवत नाही. नर्स म्हणाली, बरं, हळूहळू घ्या. म्हणजे मिरजेत समजत होते की मगदूमांना सराव सोसत नाही, आणि सांगलीवाडीत मगदूम समजत होते की सराव त्यांना मानवलाय. या दोन समजुतींच्या मध्ये ती एकटी उभी होती. शाळेत पोरांना ती विरोधाभास अलंकार शिकवायची. घरी तो असा रोज जेवायला वाढावा लागेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शीतलचा चेहरा भरला. तो दुकानात जाऊन बसू लागला. रावसाहेब आवटी हा त्याचा जुना जोडीदार, होडीच्या सुकाणूवरचा माणूस. तो एकदा घरी आला आणि शीतलला जिना चढताना बघून चाटच पडला.

"वैनी, ह्यो तर घोडा झालाय की!"

"सरावातनं चढलोय, रावसाहेब," शीतल छाती फुगवून म्हणाला. "सरावातनं! पुढच्या साली पहिलं वल्हं माझंच. कुणाला द्यायचं न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो."

"दिलंय कुणाला? रिकामं ठेवलंय तुझ्यासाठी."

आक्कांनी दोघांपुढं शेंगदाण्याच्या पोळ्या आणून ठेवल्या. त्रिशला दाराआड उभी होती. आता सांगावं, या क्षणी सांगावं, असं तिला वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. सांगितलं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसत होतं. तो एका शब्दानं ओरडणार नाही. पुन्हा सराव लाव म्हणेल, पुन्हा खाटेच्या कडेवर मान खाली घालून बसेल आणि तिच्याकडं बघणारही नाही. तिला त्याचा त्रास बघवत नव्हता हे खरंच होतं. पण त्याचं आपल्यावरून मन उडालेलं बघवणार नव्हतं, हे त्याहून खरं होतं.

*

तपासणीच्या दिवशी ती रात्रभर न झोपल्यासारखी दिसत होती. शीतलनं मात्र नवा शर्ट घातला होता.

डॉक्टर बागवान समोरच्या पडद्यावर बघत म्हणाल्या, "मगदूम, तुम्हाला सराव झेपत नाही असं दिसतंय. रोजच एवढा दम लागतोय, तर काय करावं या विचारात आहे मी."

"कुणाला दम लागतोय?"

"तुम्हाला. जवळजवळ दिवसभर साथीवर आहात तुम्ही."

शीतलनं त्रिशलाकडं बघितलं नाही. तो डॉक्टरांकडंच बघत राहिला. डॉक्टरांनी दोघांचे चेहरे पाहिले, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चाचणी घेऊ," एवढंच म्हणाल्या.

चाचणी म्हणजे पंप थोडा वेळ अगदी मंद करायचा आणि हृदय एकटं काय करतं ते बघायचं. शीतल कुशीवर निजला. एका पडद्यावर विजेची रेघ उमटत होती, ठरलेल्या अंतरानं एकेक शिखर, जराही चूक नाही. दुसऱ्या पडद्यावर सोनोग्राफीत हृदयाची करडी भिंत दिसत होती. रेघ उसळी घ्यायची. भिंत जागची हलायची नाही, नुसती थरथरायची. हुकूम बरोबर सुटत होता, पण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. पंप इतके दिवस तो हुकूम ऐकून हृदयाचं काम परस्पर करून टाकत होता, आणि नाडी बघणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की हे हृदयच आहे.

"बुडवतंय," शीतल पडद्याकडं बघत हळूच म्हणाला. "ओढत न्हाई."

डॉक्टरांनी पंप पूर्ववत केला. पहिल्या तपासणीत याच भिंतीला थोडी हालचाल होती, त्या म्हणाल्या. आता स्नायूच्या जागी वणासारखे धागे धरलेत. आता साथच ठेवायची. सराव दिवसातून अगदी थोडा, बसून, हृदय अगदीच झोपू नये एवढ्यापुरता. "आणि ताई, आता दम लागला तर तो आधीसारखा बिनधोक नाही. लगेच साथ लावा. पंपाला एक राखण आहे, ठोक्याची लहर बिघडली की तो आपणहून साथ लावतो. पण यांची लहर बिघडलेलीच नाही. राखणीला काहीच कळणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत.

रिक्षा आयर्विन पुलावर आली तेव्हा शीतल पहिल्यांदा बोलला. "मोटारीचा आवाज मला कळतोय, त्रिशला. भार घेऊन चाललीय का मोकळी चाललीय, लांबनं सांगतोय मी. उशीवर कान ठेवला की ऐकू यायचा मला. मला कळालतं."

"मग बोलला का नाही?"

"बरं वाटत हुतं," तो म्हणाला. "विचारलं असतं तर बंद करावं लागलं असतं."

त्रिशला रडू लागली. तिला वाटलं होतं की पाप एकटीचं आहे, आणि ते एकटीचं नव्हतं हे कळूनही तिला हलकं वाटलं नाही. उलट आता रागवायलाही कुणी उरलं नाही. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि रेडिओ बारीक केला.

*

शीतलनं हाय खाल्ली असती तर आक्कांनी आणि तिनं मिळून त्याला त्यातून बाहेर काढलं असतं. तसं काही झालं नाही. तो तिच्याशी नीट बोलायचा, पाहुण्याशी बोलतात तसं. जेवण चांगलं झालंय म्हणायचा. आधी तो असं कधी म्हणत नसे, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, त्यातच काय ते आलं. मग एके दिवशी गॅलरीत तिला शेजारी बसवून तो म्हणाला,

"मला एकदा तरी खरं वल्हवून बघायचंय."

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"नको न्हाई, थोडा म्हणाल्यात. थोड्याचं जरा जास्त करूया. लगेच न्हाई, चढवत चढवत. असं नुसतं बसून वायर पिकायची वाट बघू व्हय मी?"

"अहो, जिवाला धोका आहे आता. तेव्हा नव्हता."

"तवा धोका नव्हता तर तू साथ दिलीस," तो शांतपणे म्हणाला. "आता धोका हाय तर माझं ऐक. तेवढंच मागतोय. मी गयावया केली तरी देऊ नको. मला माझी सवय म्हाईत हाय, बरं वाटलं की मी गप बसतोय."

हे म्हणताना त्यानं तिचा हात धरला. इतक्या दिवसांनी धरला. त्या हातासाठी ती काहीही कबूल झाली असती, आणि झालीही.

मग रोज थोडा थोडा सराव वाढला. जास्त सराव केला म्हणून यंत्र कधी कुरकुरत नसे. त्याची सगळी कुरकुर साथीबद्दल. इस्पितळातून फोन यायचे बंद झाले. आक्का बघायच्या, कळवळायच्या, बोलायच्याही. "दे की गं त्याला जरा साथ!" आता त्रिशला मान हलवून नाही म्हणायची. शीतल धापा टाकत तिच्याकडं बघायचा आणि त्या बघण्यात शाबासकी असायची. तिला भीती वाटायची. आणि लाज वाटावी असं सुखही वाटायचं, की हा पुन्हा आपला झाला.

नदी भरली. शर्यती जवळ आल्या. रविवारी सकाळी शीतलनं घाटावर जाऊन होडीचा सराव बघायचा हट्ट धरला. रावसाहेबानं गाडीतून आणून त्याला वरच्या पायरीवर खुर्चीत बसवलं आणि तो होडीकडं पळाला. पाणी चार पायऱ्या गिळून वर आलं होतं, गढूळ आणि फुगलेलं. काठावर गर्दी, पोरांच्या शिट्ट्या, कुणीतरी हलगी वाजवत होतं. त्रिशला नवऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली. फोन तिच्या हातात होता. पंपावर सराव चालू होता.

"बरं वाटतंय?"

"ओढतंय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "आज ओढतंय बघ."

पलीकडच्या वळणावरून होडी आली. रावसाहेब सुकाणूवर उभा राहून गळा ताणून ओरडत होता, "दाब! दाब! दाब!" प्रत्येक आरोळीला सगळी वल्ही एकदम पाण्यात घुसत होती. काठावरचे लोक ओरडू लागले. आणि शीतलही ओरडू लागला. "दाब! दाब रं! दाब!" मान पुढं, डोळे होडीवर, हातानं मांडीवर ठेका. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यात त्रिशलानं त्याला असाच बघितला होता. तिला भरून आलं. आपण बरोबर केलं, तिला वाटलं. यासाठी तर केलं.

होडी समोरून गेली. गर्दी तिच्यामागं काठाकाठानं धावत सुटली. "दाब," शीतल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, एवढं ओरडल्यावर बसणारच. तिनं हसून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि होडीकडं बघत राहिली. "पुरे हो आता, घसा बसेल."

"दाब..."

होडी पुलाखालून पलीकडं गेली. आरोळ्या पुसट झाल्या, हलगी थांबली. घाटावर पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा उरला.

"दाब," तो म्हणाला, अगदी हळू. त्रिशलानं वळून बघितलं. तो नदीकडं बघत नव्हता. तिच्या हातातल्या फोनकडं बघत होता. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. देऊ नको म्हणाला होता, तिला आठवलं, गयावया केली तरी देऊ नको. ती तशीच थांबली. किती थांबली ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. त्याची मान एका बाजूला कलली, तेव्हा ती किंचाळली.

अंगठा घामानं ओला होता. फोन ओळखेना. तिनं तो साडीला पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा पुसला. मग ओळखला. साथ सुरू करायची का? होय, होय, होय.

साथ सुरू झाली. यंत्रानं आपलं काम चोख केलं. तिनं त्याचं मनगट धरलं तर नाडी ठणठणीत लागत होती, एकसारखी, एकही ठोका न चुकता. ओठांवरचा जांभळा रंग उतरला. गालांवर लाली आली. पळत आलेल्या बाया म्हणाल्या, घाबरू नका बाई, तोंडावर रंग हाय, नाडी हाय, चक्कर आलीय नुसती. ती नाडी पंपाची होती, आणि साथ लागेपर्यंत डोक्याला रक्त पोचलं नव्हतं, हे त्यांना कुठं माहीत? डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुणाकडंच बघत नव्हते. त्रिशला त्याला हाका मारत राहिली.